बटणांचा डबा

लेकीच्या लग्नासाठी काढलेला जुना कोट अंगाला बसेना, म्हणून टेलरमास्तरांनी वजन उतरवायच्या गोळ्या गुपचूप सुरू केल्या आणि बटणांच्या डब्यात लपवल्या. रक्त पातळ करायची गोळी तर आधीपासूनच चालू होती.

तपासणीत रक्त भलतंच पातळ निघालं. "आणखी कुठली गोळी घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! पालेभाजी कमीजास्त झाली की या गोळीचा परिणाम बदलतो, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? हिच्या पालेभाजीलाच काही ताळतंत्र नसतं," मास्तरांनी शेजारी बसलेल्या बायकोवर ढकलून दिलं.

ती बिचारी त्या दिवसापासून भाजी वाटीने मोजून वाढू लागली. चौथ्या दिवशी बटण लावताना मास्तरांच्या बोटात सुई घुसली आणि रक्त थांबेचना. "माझंच काहीतरी चुकतंय हो," म्हणत ती किती तरी वेळ बोटावर फडकं दाबून बसली. शर्टाची राहिलेली बटणंही मग तिनेच लावली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी सगळं कबूल करायचं ठरवून त्यांनी डबा उघडला. गोळ्या नव्हत्या. मापाच्या चिठ्ठीवर बायकोचं अक्षर होतं:

"कोट कमरेत दोन इंच सैल केलाय. गोळ्या माझ्या पिशवीत आहेत, आत्ताच डॉक्टरांकडे निघायचंय. भाजीचं तेवढं तुम्हीच त्यांना सांगा."