कोमट पाणी

डेल्मर खडीवर आडवा पडून गिझरच्या पोटात बघत होता. ज्योत निळी होती. एकसारखी, अजिबात न फडफडणारी. टाकीतलं पाणी तापल्याची गुरगुरही ऐकू येत होती.

"आता सोड!" तो ओरडला.

कॅम्परगाडीच्या आत त्याच्या बायकोनं, अर्लीननं, बेसिनचा नळ सोडला.

"कोमट!" मग घाईघाईनं, "पण चालेल रे! खरंच चालेल!"

हे 'चालेल'च डेल्मरच्या मनाला लागत होतं. आयोवातलं घर मोडून या फिरत्या घरात राहायला यायचं, ही हौस त्याची. अर्लीननं मागे ठेवला तो तिचा टब. पांढराशुभ्र, पाय असलेला. संध्याकाळी गळ्यापर्यंत गरम पाण्यात ती त्यात पडून राहायची. निघताना तिनं एवढंच विचारलं होतं, "तिकडे गरम पाणी मिळेल ना?" आणि हा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "तू म्हणशील तेव्हा."

ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम टाकला आणि पहिल्याच आठवड्यात पाणी कोमट झालं. डेल्मरनं बर्नरच्या नळीतून कोळ्याची जाळी काढली. काजळी पुसली. टाकी रिकामी करून तळाचे क्षार धुऊन काढले. थर्मोस्टॅट नवा बसवला. हिवाळ्यात गिझरला वळसा घालून पाणी सोडायचा वॉल्व्ह असतो, तोही दोनदा तपासला. पाणी कोमट ते कोमटच.

अर्लीन कुरकुरली नाही, हेच वाईट. ती भांडत असली की डेल्मर निर्धास्त असायचा. गप्प बसली की त्याला काळजी लागायची. त्यात हल्ली ती उजाडायच्या आत उठून बाहेर जायची. विचारलं तर म्हणायची, झोप लागत नाही.

त्यानं काय ते ओळखलं. तिला न सांगता गाडी विकायला काढली. यूमा गावचं एक तरुण जोडपं आज दुपारी बघायला येणार होतं. सौदा झाला की तिला सांगायचं, चल, परत जाऊ, लेकीच्या गावात टब असलेलं घर बघू. फक्त बिघडलेला गिझर कुणाच्या गळ्यात बांधायचा, हे त्याला पटत नव्हतं. म्हणून सकाळपासून ही खटपट.

शेजारच्या गाडीतला रॉइस कॉफीचा मग घेऊन आला. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं.

"काय रे, गिझरच्या आतच राहायला जातोस की काय?"

"ज्योत बघ. टाकीला हात लाव, चटका बसेल. आणि नळाला हे असं!"

"म्हणजे वाटेत कुठंतरी गार पाणी मिसळतंय. गाडीला मागे बाहेरून शॉवर असतो, त्याच्या तोट्या बघितल्यास?"

"तो कोण वापरतोय? अर्लीनला विंचवांची एवढी धास्ती, की बुटांशिवाय पायरी उतरत नाही. त्याचं झाकण आल्यापासून उघडलेलं नाही."

"मग आता उघड की, लेका!"

दोघं गाडीच्या मागे गेले. डोंगराकडची बाजू. डेल्मरनं झाकण वर केलं. आत गरम आणि गार, दोन्ही तोट्या उघड्या होत्या. बंद होतं ते फक्त हातात धरायच्या शॉवरचं बटण. बाहेर पडायला वाट नाही म्हणून गार पाणी सरळ गरम पाण्याच्या नळीत शिरत होतं. आणि शॉवरला टेकून साबणाची वडी होती. लॅव्हेंडरची. अजून ओली.

रॉइसनं साबणाकडे बघितलं, मग डेल्मरकडे. "माझी कॉफी गार होतेय," म्हणाला आणि चालता झाला.

हात पुसत अर्लीन मागे आली. उघडं झाकण बघून जागच्या जागी थांबली. कानापर्यंत लाल झाली.

"तू?" डेल्मर म्हणाला.

"पहाटे. तू घोरत असतोस तेव्हा."

"अशी उघड्यावर?"

"चादर टांगते की! आणि इकडे बघायला आहे कोण? ससे." तिनं त्याच्या हातातून साबण काढून घेतला. "आल्या आल्या पाय धुवायला म्हणून उघडला. सहज वर बघितलं, तर अख्खं आभाळ. मग राहवेचना. पाणी एकदा मनासारखं जमलं की तोट्या तशाच ठेवते. रोज कोण जमवत बसणार?"

"अगं, मग मी रोज गिझर खोलतोय, ते दिसत नव्हतं तुला?"

"मला काय ठाऊक यानं पाणी कोमट होतं! सांगितलं असतं तर हसला असतास. या वयात ही थेरं!"

"आणि तुझा टब?"

"टबात पडून काय बघायचं? छत?"

डेल्मर खडीवर मटकन बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हसता हसता एकदम थांबला. रस्त्यावर धूळ उठली होती. एक निळी पिकअप वळून त्यांच्याच दिशेनं येत होती.

"अर्लीन," तो चाचरत म्हणाला, "मी गाडी विकायला काढलीय. तुला इथं करमत नाही असं वाटलं. ते बघायला आले."

अर्लीननं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग केस नीट केले आणि त्याच्या आधी पुढे झाली.

पिकअपमधून एक मुलगा आणि एक मुलगी उतरली. दोघंही धुळीनं माखलेली.

"हीच ना विकायची गाडी?" मुलानं विचारलं.

"नाही रे बाळा, आमच्या डेल्मरचा जरा गैरसमज झाला होता," अर्लीन म्हणाली. "पण एवढ्या लांबून आलात, तर मी चादर टांगते, आंघोळ करूनच जा."