संत टालवेनचा डावा बूट

संत टालवेनवरच्या लेखाची सातवी तळटीपही शेवटी ऑसवॉल्ड टीगच्याच दारात जाऊन थांबली, तेव्हा लव्हडे नानकॅरोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन प्रवासपुस्तकं, दोन वर्तमानपत्रं, चर्चचं पत्रक आणि एक दिनदर्शिका. सगळ्यांनी टीगच्या १९६३ सालच्या लोककथांच्या पुस्तकातून उचललेलं, आणि टीगने आधार म्हणून एवढंच लिहिलेलं: पोर्थटालवेन गावातल्या एका जाणत्या बाईने सांगितले.

"जाणती बाई म्हणजे माझी आजी," हेडली ट्रुस्कॉट म्हणाला. "तिच्याइतकं बोलणारं गावात दुसरं कोण होतं?"

स्वयंपाकघर हेडलीचं होतं, केशरी केकही त्याचाच. वय ब्याऐंशी, चर्चचा कारभारी. लव्हडे त्र्याहत्तरची. ट्रुरोच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढून ती गावी परतली होती आणि आता इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कॉर्नवॉलच्या संतांचे लेख तपासायची, फुकट आणि निर्दयपणे. तिला अजून 'पोरी' म्हणणारा हेडली एकटाच उरला होता.

संत टालवेनच्या लेखात सांगण्याजोगी गोष्ट एकच होती. टालवेन आयर्लंडहून येताना समुद्र आडवा आला, म्हणून तिने डावा बूट काढून त्याला दिला. दोन्ही का नाही? तर समुद्राला पाय एकच, आणि तो डावा. म्हणून मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सारं गाव धक्क्यापासून संतिणीच्या विहिरीपर्यंत डावा पाय उघडा ठेवून चालतं. हेडलीच्या बायकोने शेवटच्या वर्षी व्हीलचेअरमध्ये बसूनही डावा मोजा काढायला लावला होता. दोन्ही बूट घालून चालणारी गावात एकच बाई होती, ती म्हणजे लव्हडे.

आणि त्या लेखावर तिनेच सूचना लावली होती: सात दिवसांत टीगहून जुना, स्वतंत्र आधार मिळाला नाही, तर लेख काढून टाकावा. आज सहावा दिवस होता.

"म्हणजे माझी आजी खोटारडी," हेडली म्हणाला.

लव्हडेने उत्तरादाखल त्याच्यापुढे उत्सवाचा १९३४ सालचा फोटो सरकवला. "एकोणचाळीस माणसं, अठ्ठ्याहत्तर बूट. मी मोजलेत."

"थंडी असेल."

"मे महिन्यात?"

"पोरी, तू इथेच वाढलीस ना?"

ती हसली नाही. हेडलीने केकचा तुकडा तिच्याकडे ढकलला आणि जरा हळू आवाजात विचारलं, हे सगळं खोटंच आहे याची तिला एवढी खात्री कशी.

"माझ्या खात्रीला तिथे किंमत नाही. आपल्याला माहीत आहे म्हणून काही लिहिता येत नाही. छापलेलं दाखवावं लागतं."

"म्हणजे संतिणीलाही कागदपत्रं लागतात."

"तुला पेन्शनला लागली होती तशी."

केवळ रीत म्हणून तिने चार जुन्या दफ्तरखान्यांना विचारणा केली होती. तिघांनी नाही म्हणून कळवलं होतं. चौथं उत्तर त्या दुपारी, हेडली किटली भरत असताना, फ्रान्समधल्या ब्रिटनीहून आलं. लव्हडेने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. किटली शिट्टी मारून गप्प झाली तरी ती वाचतच होती.

"मोठ्यांदा वाच की," हेडली म्हणाला. "नाही असेल तर नाही."

तिने वाचलं. एका मठातल्या ग्रंथाचं जुनं आवरण ओलीने सुटलं होतं. आत पुठ्ठ्याला बळकटी म्हणून चिकटवलेलं चामड्याचं पान निघालं, कुणा टालवेन नावाच्या कुमारीच्या चरित्राचं, हजारएक वर्षांपूर्वीचं. पानाची नक्कल आणि भाषांतर फेब्रुवारीत तिथल्या संशोधन-पत्रिकेत छापलं होतं.

"'तेव्हा समुद्र उठून आडवा आला. कुमारीने डाव्या पायातला जोडा काढून त्यास दिला. सोबतच्यांनी पुसले, एकच का? ती म्हणाली, समुद्राला पाय एकच आहे, आणि तो डावा.'"

हेडली उभा होता, तो बसला. 

लव्हडेने ब्रिटनीला फोन लावला. सोइझिक केरवेला नावाची संशोधक होती, बिचारी सोशिक. लव्हडेने तिला एकच प्रश्न तीनदा विचारला: हे पान मधल्या काळात कुणी पाहिलं असेल का? तिन्ही वेळा उत्तर तेच. ग्रंथ १४८२ साली बांधला, आवरण गेल्या नोव्हेंबरात सुटलं, दुसरी प्रत कुठेही नाही. मधली पाचशे त्रेचाळीस वर्षं ते पान डिंकात होतं.

"मग आजीला कुणी सांगितलं?" हेडलीने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

लव्हडेने लॅपटॉप पुढे ओढला. तिने आठवी तळटीप लिहिली. एरवी दोन मिनिटांचं काम, त्याला अर्धा तास लागला. मग लेखावरची सूचना काढली आणि गार चहा तसाच ठेवून उठली.

रविवारी ढग होते. धक्क्यावर गाव जमलं, बूट काढण्याची लगबग सुरू झाली. लव्हडे एका दगडावर बसली आणि तिने डाव्या बुटाची नाडी सोडली. बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. उघडा पाय तिने ओल्या फरशीवर असा टेकवला, जणू खाली कुणी झोपलं असावं.

"पटलं ना शेवटी?" हेडली म्हणाला. "माझी आजी थापा मारायची नाही."

"नाही मारायची," लव्हडे म्हणाली.

एक लाट वर येऊन तिच्या बोटांना लागून गेली. याच फरशीवर, नऊ वर्षांची असताना, खेळता खेळता तिचा डावा बूट लाटेने नेला होता. आईने हात उगारून विचारलं होतं, एकच कसा गेला. मार चुकवायला तोंडाला येईल ते तिने ठोकून दिलं होतं: टालवेन, समुद्र, त्याचा एकच डावा पाय. आणि टीग नावाचा वहीवाला पाहुणा शेजारीच उभा राहून ते लिहून घेत होता.