एक माणूस कमी

"अण्णा, पूर्वी मेडिकलमध्ये तिघांचे पगार आरामात निघायचे. आता दोघांचेही जड जातात. एक माणूस कमी करा," लेक म्हणाली.

गोळ्यांची स्ट्रिप कापता कापता फार्मासिस्ट वैजूताई थांबल्या. दुकानात कामाला अण्णांखेरीज त्या एकट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आपला चहाचा कप घरी न्यायला पिशवी घेऊनच आल्या. अण्णा गिऱ्हाइकांच्या बाकावर पाय हलवत बसले होते.

"कमी केला हो एक माणूस."

"कळलं मला."

"काय कळलं? मी गेलो! मालक असलो तरी पगार उचलतच होतो की."

वैजूताईंनी पिशवी खिळ्याला अडकवली, डोळे पुसले आणि स्ट्रिपमधली एक गोळी कापून अण्णांपुढे सरकवली.

"आधी ही बीपीची घ्या. आणि उद्या वेळेवर या. मला बिनपगारी माणूस लागेल."