ढकलणाऱ्यांत आई

रविवारच्या रॅलीत माझा नंबर पाचवा आला, तरी सोमवारी गाडी धुताना मी खुशीत शीळ घालत होते. शेवटच्या वळणावर गाडी घसरून चिखलात रुतली होती. बघायला आलेली माणसं धावली आणि ढकलू लागली. आरशात पाहिलं, तर त्यांच्यात बाह्या सरसावलेली माझी आई! "सोड हे वेड," म्हणून रोज भांडणारी आई पहिल्यांदाच रॅली बघायला आली होती.

आता ती चहा घेऊन अंगणात आली, तेव्हा मी विचारलं, "गाडी घसरली तेव्हा खूप घाबरलीस ना गं?"

"घाबरणार नाही तर काय!" आई म्हणाली. "मागून ती निळी गाडी येत होती. म्हटलं, मेली आता आपल्या पुढे जाते!"