मीठ कोनी टाकला

शाळा तपासायला येणाऱ्या डिपुटीसाहेबांचा शेरा चांगला पडला तर श्रीपाद मास्तरांचा फायदा अगदी सरळ होता: ठाण्याच्या शाळेत बदली. ठाण्याला बायको होती, दीड वर्षाची मुलगी होती आणि गोड्या पाण्याची विहीर होती. या खाडीकाठच्या गावातलं पाणी मचूळ. ते मुलीला बाधलं, म्हणून सुमती तिला घेऊन ठाण्याला भावाकडे राहिली होती आणि मास्तर इथं स्वतःच्या हातचं पिठलं गिळत होते.

चांगल्या शेऱ्यासाठी काय लागतं तेही वरून लिहून आलं होतं. यंदा साहेब शाळेचं पुस्तकांचं कपाट बघणार होते, आणि मुलांनी पुस्तकं वाचून आपणहून प्रश्न विचारावेत अशी त्यांची इच्छा होती. मास्तरांनी आधी कपाटाची किल्ली शोधली. मग अकरा पुस्तकांतून अकरा प्रश्न काढून अकरा मुलांना वाटून दिले आणि आठवडाभर घोकून घेतले. मुलं गोंधळून गेली. गेल्या महिन्यापर्यंत मध्येच काही विचारलं की छडी बसायची. आता विचारलं नाही तर बसू लागली.

साहेब आले, पगडी मांडीवर घेऊन बसले. धाकूनं उठून विचारलं, "भूकंप कशाने होतो?" आणि तो खाली बसला. महिपतनं विचारलं, "ग्रहण का लागते?" आणि तोही बसला.

"अरे, उत्तर नको का तुला?" साहेब म्हणाले.

महिपतनं मास्तरांकडे पाहिलं. यापुढे काय म्हणायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला.

साहेबांनी मिशीआड जांभई दिली. मास्तरांना ठाणं दोन स्टेशनं लांब सरकल्यासारखं वाटलं.

मग काळुराम उठला. याचा बाप मिठाच्या आगरात कामाला. त्याच्या वाट्याला वाऱ्याचा प्रश्न आला होता, पण तो ऐनवेळी आठवेना. मास्तर ओठांनी 'वारा, वारा' करत होते. काळुरामनं डोकं खाजवलं.

"साहेब, आमचे आगरान दर्याचा पानी सुकला का मीठ ऱ्हाते. पन दर्यान पानी येते नदीचा, ता त गोड हाय. मंग दर्यान मीठ टाकला कोनी?"

साहेबांची दुसरी जांभई अर्ध्यावर राहिली. त्यांनी आढ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाडीकडे पाहिलं. टाकणारा अजून तिथंच कुठे असेल तर दिसावा, अशा बेतानं.

"मास्तर, हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं... नाही साहेब."

"मग याला शिकवलं कोणी?"

मास्तरांनी साहेबांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. राग असेल तर प्रश्न पोराचा, खुशी असेल तर आपला, इतका हिशेब त्यांना येत होता. पण मिशी दाट. खाली काय चाललंय ते कळेना. शेवटी त्यांना साहेबांचा पाय हलताना दिसला. माणूस रागावला की पाय हलवत नाही, असं मास्तरांनी धरून चालायचं ठरवलं.

"मीच," ते म्हणाले. "मी पोरांना नेहमी सांगतो, डोळे उघडे ठेवा आणि विचारा."

अकराच्या अकरा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

साहेबांनी शेऱ्याची वही मागवली आणि अर्धं पान लिहिलं. मग उठून मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पंधरा वर्षं शाळा हिंडतोय, असा प्रश्न कुठे ऐकला नाही. उत्तर मलाही येत नाही. तुमचा बदलीचा अर्ज आहे ना माझ्याकडे?"

"हो साहेब. ठाण्याला..."

"तो नामंजूर. ठाण्याला मास्तर पैशाला पासरी मिळतील. तुमच्यासारखा माणूस इथेच पाहिजे, निदान पाच वर्षं. तसंच लिहिलंय मी."

"पण साहेब, घरची मंडळी..."

"छे छे, आभार कसले मानता," साहेब म्हणाले आणि बैलांच्या दमणीत जाऊन बसले.

दमणी दिसेनाशी झाली तरी मास्तर दारातच उभे होते. आपलं कौतुक झालं की आपल्याला शिक्षा झाली, याचा उलगडा होईना. मागून काळुराम आला.

"मास्तर, कोनी टाकला ता आता सांगा ना."

मास्तरांनी कपाटाची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "शोध. सापडलं तर मलाही सांग."

मग त्यांनी टपालाचं कार्ड घेतलं. साहेब माझ्यावर फार खूश आहेत, एवढं लिहिलं, पुढचं सुचेना.

साहेबांना अहवालात घालायला गोष्ट मिळाली, काळुरामला किल्ली मिळाली, मास्तरांना शाबासकी मिळाली. या सगळ्याचा भरणा ठाण्याच्या मायलेकींनी केला. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.