बुजवलेलं नाव

आमच्या चर्चच्या आवारात महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी क्रूस आहे. त्यावर माझ्या आजोबांचं, एडविन थर्केटल यांचं, नाव कोरलं गेलं आणि वर्षभराने आजोबा जिवंत परतले. गावाने ते नाव चुन्याने बुजवलं. आजी मात्र जन्मभर त्यांच्याशी जपून बोलली, पाहुण्याशी बोलावं तशी.

दर नोव्हेंबरात, क्रुसावरची नावं मोठ्याने वाचण्याच्या रविवारच्या आधी, तो चुना गळून पडतो. मी गवंडी, मीच पुन्हा भरतो.

“तुझं काम काही टिकत नाही बघ, वॉल्टर,” आवार झाडणारी मॉड टोमणा मारते.

“थंडीने गळतो गं. तू आपली पानं झाड.”

यंदा शनिवारी भरला, छिन्नीचा जुना व्रण असलेल्या अंगठ्याने दाबून गुळगुळीत केला. रविवारी सगळे जमले तेव्हा नाव लख्ख उघडं होतं आणि खाली चुन्याचा कणही नव्हता.

“भरायचं विसरलास?” मॉड कुजबुजली.

मी तिला नखांत अडकलेला चुना दाखवला. ती हसली नाही.

नावं वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे फुलं घेऊन चर्चमागे आजोबांच्या थडग्याशी गेलो. दगडावर नाव दिसत नव्हतं. अक्षरं ओल्या चुन्याने काठोकाठ भरली होती, आणि त्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता, छिन्नीच्या जुन्या व्रणासकट.