दोन बोटं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी लंडनजवळच्या पिनरहून त्यांचा फोन आला.

"मधू, आपल्या राइडवेड्यांच्या फोरमवर बातमी फुटलीय! थीम पार्कात कुंपणामागे नवी रोलर कोस्टर उभी राहतेय. म्हणे, अंधारात मागे पळते! पहिल्या दिवशी आपण दोघं."

"आधी पोट कमी करा. सेफ्टी बार अडकतो."

"त्यात काय? राइडवाले 'ब्रीद इन' म्हणाले की मी श्वास आत ओढतो. बार दोन बोटं खाली जातोच! आणि तुझ्यासारखी न भिणारी मुलगी आहे शेजारी."

वसंतात राइड उघडली. अफवा खरी निघाली होती. रांगेत मला बाबांना व्हायची तितकीच घाई झाली होती.

दोघांच्या सीटवर मी एकटीच बसले. दोघांसाठीचा एकच बार खाली आला आणि माझ्या मांड्यांपासून वीतभर वर अडकला. बार तपासणाऱ्या मुलीने दाबून पाहिला. हलेना.

"ब्रीद इन, सर," ती वर न बघता म्हणाली.

माझ्या शेजारी कुणीतरी श्वास आत ओढला. बार दोन बोटं खाली गेला.

गाडी मागे, अंधारात सुटली.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "मला दर वेळी भीती वाटायची. हात धरा."